चौऱ्याऐंशीवा भागाकार

अंबरनाथच्या कारखान्यात भगवंतानं तीस वर्षं गोदाम सांभाळलं. रिटायर झाला आणि बदलापूरच्या फ्लॅटमध्ये नुसता भिंतीकडे बघत बसू लागला. त्याची लेक जिज्ञासा उल्हासनगरला कॉलेजात गणित शिकवायची. तिनं एक दिवस त्याच्यापुढे कोरी वही टाकली.

"बाबा, हा आकडा बघा. २१४७४८३६४७. एक आणि हा स्वतः सोडला तर याला कशानंच पूर्ण भाग जात नाही. मूळ संख्या. तुम्ही हातानं तपासून दाखवा."

"आणि जगातल्या सगळ्या आकड्यांनी भागत बसू? वेडी का खुळी तू?"

"चौऱ्याऐंशीच आकडे. इतर गाळायची युक्ती आहे. यादी देते ना मी."

कॉम्प्युटर हे काम चुटकीसरशी करतो, हे काय भगवंताला कळत नव्हतं? पण लेक शेजारी बसत होती, त्यापुढे कॉम्प्युटरची काय मातब्बरी! डाव्या पानावर तो भागाकार करी. उजव्या पानावर ती हिरव्या शाईनं ताळा करून पाही: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. रोज सकाळी एक.

एकसष्ट भागाकार झाले आणि ती डेंग्यूनं गेली. चार दिवसांत.

तेरावं उरकल्यावर भगवंतानं बासष्टावा भागाकार केला. दुसरं काय करणार बापडा? उजवं पान कोरं सोडलं. दुसऱ्या सकाळी त्यावर हिरवा ताळा होता. सातला मधोमध आडवी रेघ, तिच्यासारखी.

"अवो, तुमीच लिवता न् इसरता," त्याची बायको सगुणाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली. त्यानं वही कपाटात ठेवली, कुलूप घातलं, किल्ली तिच्याच हातात दिली. सकाळी तिनंच कुलूप काढलं. त्रेसष्टावा ताळा लिहिलेला होता. त्या दिवसापासून ती वहीला शिवेना.

भगवंत मात्र हरखला. पण यादी संपत आली तसा तो उरलेले आकडे पुन्हा पुन्हा मोजू लागला. चौऱ्याऐंशी झाले की संख्या मूळ ठरली, काम संपलं. मग लेक कशाला येईल?

शेवटच्या भागाकारात त्यानं जाणूनबुजून एक आकडा चुकवला, सहाच्या जागी पाच लिहिला. ताळा जुळेपर्यंत पोरगी जेवायलासुद्धा उठत नसे, बापाला ठाऊक होतं.

सकाळी उजवं पान गच्च भरलेलं होतं. एकच गुणाकार, पुन्हा पुन्हा.

पुढचं पानही.

त्याच्या पुढचंही. अक्षर आधी नीटनेटकं, मग घाईचं, मग थरथरतं. शेवटी शेवटी आकडे एकमेकांवर चढले होते आणि निबानं कागद फाटला होता.

मागच्या पुठ्ठ्यावर शाई अजून ओली होती.

"बाळा, चूक माझी गं," भगवंताला रडू कोसळलं. त्यानं पेन उचललं. पाचाचा सहा करायचा, बस्स. लेक सुटली असती.

पेन त्या पाचावर बराच वेळ टेकून राहिलं.

मग त्यानं टोपण लावलं, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"सगुणा, बाजारात चाललीस ना? वह्या आण. दोनशे पानी. डझनभर."