काकड्यांचं बंड

"चोर! तिघंही चोर आहात तुम्ही!"

काकडी संघाचे व्यवस्थापक नोआकसाहेब धक्क्यावर उभे राहून इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या कुरणातला करकोचा उडून गेला. त्यांच्या पायाशी एक पांढरी बादली होती. झाकण एका बाजूनं उचकटलेलं, आतली चंदेरी फॉइल फाटलेली आणि शेपूच्या काड्या बादलीच्या कडेवरून खाली लोंबत होत्या.

"लेमानच्या खानावळीतून परत आली ही! आजची दुसरी! वाटेत झाकण उघडून काकड्या खाता आणि वर खारं पाणी सांडून ठेवता!"

"आम्ही हातसुद्धा लावला नाही!" मिन्का उसळली. ती बारा वर्षांची होती आणि राग तिच्या नाकावरच असे. आज तर तो नाकावरून थेट डोक्यात गेला होता.

"हो का? मग झाकणाला पाय फुटले?"

"नोआकसाहेब," किटो शांतपणे म्हणाला, "आपल्या घरच्या पिंपात काकड्या असताना बादलीतल्या कोण चोरेल?"

"मला तर काकडी आवडतच नाही," दहा वर्षांचा हान्झो म्हणाला. हे मात्र धादांत खोटं होतं. किटोनं त्याच्या पायावर पाय दिला.

नोआकसाहेबांनी मिन्काकडे बोट रोखलं. "तुझ्या आईला सांग. आणखी एक बादली उघडी निघाली, की होडीची फेरी बंद! शनिवारच्या सभेत मी तसा ठरावच मांडणार आहे. माल ट्रकनं रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल, पुढे ज्याचा त्यानं न्यावा."

मिन्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जर्मनीत स्प्रेवाल्डच्या कालव्यांमधल्या त्या गावात निम्मी घरं अशी, की त्यांच्या दारापर्यंत फक्त पाणी जातं. संघाचा माल तिथल्या खानावळींना पोचवायची फेरी मिन्काची आई, वेरोना, लग्नाआधीपासून करत होती. आता तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, म्हणून सुट्टीत लांब काठीनं होडी ढकलायचं काम मिन्का आणि तिचे दोघे मित्र करत होते. फेरी गेली, तर आईचं कामच गेलं!

"आईला कशाला मध्ये आणता?" ती ओरडली. पण साहेब पाठ फिरवून चालू लागले होते. मोठ्या माणसांना भांडण अर्धवट टाकून जायची फार वाईट सवय असते.

घरी आईनं उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल तिघांच्या ताटांत वाढलं होतं. मिन्कानं सगळं सांगितलं. आई डाव्या हातानं बटाटा सोलत राहिली.

"आई, तू काहीतरी बोल ना!"

"काय बोलू? बादल्या उघड्या निघतात हे खरंच आहे ना, बाळा."

आईचा आवाज इतका बारीक झाला होता, की मिन्काला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. तिनं ते भिरकावलं नाही, कारण हान्झो तिच्याही ताटातलं खात होता.

"रडायचं नाही," ती दात ओठ खात म्हणाली. "शोधायचं! झाकणं कोण उघडतं ते शोधायचं!"

"मला संशय आहे," किटो म्हणाला. "आपण कालव्यातलं पाणी अडवणाऱ्या दरवाजाशी थांबतो ना? दरवाजे फिरवायला आपण तिघंही काठावर जातो. होडी तेवढा वेळ मोकळी असते."

"म्हणजे तिथं कुणीतरी दबा धरून बसतं!" हान्झोचे डोळे चमकले. "मी ताडपत्रीखाली लपतो! चोर आला की त्याचा पाय धरतो!"

"आणि त्यानं लाथ मारली तर?"

"तर दुसरा पाय धरतो!"

दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की आल्डरच्या झाडांखालीसुद्धा घाम फुटत होता. संघाच्या थंड खोलीतून निघालेल्या बादल्या होडीत मांडल्या. सगळ्या नव्या मशीनमधून आलेल्या, चकचकीत!

या मशीनचंही सांगायला हवं. संघाच्या शेडमध्ये दोन मशीनं चाचणीसाठी आणली होती. खारवलेल्या काकड्या इतकी वर्षं उघड्या लाकडी पिंपात, वर फळी आणि दगड ठेवून असायच्या. यंदा मोठ्या गिऱ्हाइकांना त्या बादलीत हव्या होत्या. पहिलं मशीन बादली भरायचं, तोंडावर फॉइल तापवून घट्ट चिकटवायचं आणि वरून झाकण दाबायचं. हवा आत नाही, बाहेर नाही. दुसरं दिसायला अगदी गरीब. ते नुसतं झाकण रोलरखाली दाबायचं आणि त्या झाकणाला मध्ये इवलीशी झडप असायची. नोआकसाहेबांचा जीव पहिल्यावर जडला होता. कोणतं विकत घ्यायचं, ते शनिवारच्या सभेत ठरणार होतं.

पाण्याच्या दरवाजाशी मिन्का आणि किटो मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत काठावर गेले. हान्झो ताडपत्रीखाली. दोघं झुडपाआड बसून पाहू लागले. कुणी येईना. एक बदक आलं आणि गेलं.

तेवढ्यात होडीतून आवाज आला. फट्! आणि त्यामागून हान्झोची किंकाळी!

"धरलं! धरलं! मला त्यानंच धरलं!"

दोघं धावत होडीत उतरले. हान्झोच्या केसांतून खारं पाणी ओघळत होतं आणि कानावर शेपू अडकला होता.

"कोण होतं? कुठं गेला?"

"कुणीच नव्हतं!" हान्झो डोळे चोळत म्हणाला. "झाकण आपलं आपण उठलं! आधी फॉइल फुगली, मग झाकण कडेनं टकटक वाजायला लागलं. मी नीट बघावं म्हणून वाकलो, आणि बादली माझ्या तोंडावर शिंकली!"

किटोनं शेजारच्या बादलीच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण मध्ये टम्म फुगलेलं होतं आणि बादली उन्हानं चांगलीच तापली होती.

"मिन्के," तो हळूच म्हणाला, "चोर बादलीच्या आत आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी किटोच्या परसात प्रयोग मांडला. फुटलेल्या बादलीतलं खारं पाणी दोन बाटल्यांत भरलं आणि बाटल्यांच्या तोंडांवर फुगे चढवले. एक बाटली तळघरात गारव्यात ठेवली. दुसरी सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याच्या पत्र्यावर उन्हात मांडली. दुपारपर्यंत तळघरातला फुगा मोज्यासारखा लोंबत होता आणि खुराड्यावरचा इतका फुगला होता, की कोंबडा त्याच्याकडे बघून ओरडत सुटला.

"काकडी झोपलेलीच नाही!" मिन्का टाळी वाजवून ओरडली.

गावात असंच म्हणतात. पिंपात काकडी आंबताना येणारे बुडबुडे थांबले, की काकडी झोपली आणि आता ती भरायला हरकत नाही. अख्खा गाव पिढ्यानपिढ्या असं म्हणत आला आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण पिंपाच्या फळीखालून हवा आपोआप निघून जायची. पण थंड खोलीतली काकडी नुसती डुलकी घेत होती. उन्हात ती जागी होऊन पुन्हा फसफसायला लागायची आणि फॉइलनं तिचा श्वास कोंडलेला!

"म्हणून मोठ्या गिऱ्हाइकांना ट्रकनं जाणाऱ्या बादल्या फुटत नाहीत," किटो म्हणाला. "ट्रक आतून थंड असतो. आपली होडी उन्हात."

"आणि शिव्या आपल्याला!" मिन्का बाटली उचलून तडक निघाली.

नोआकसाहेबांनी फुग्याकडे पाहिलं आणि ते खो खो हसले. त्या हसण्यानं मिन्काला जितका राग आला, तितका ओरडण्यानंही आला नव्हता.

"फुगे! अरे, मी मशीनची चाचणी घेतली आहे. बादली आडवी केली, उलटी केली, वर उभा राहिलो. एक थेंब गळला नाही! तुम्ही कार्टी मला शिकवणार?"

"मग होऊन जाऊ दे!" मिन्का म्हणाली. "आमच्या हातातली बादली नको. थंड खोलीतून तुम्हीच निवडा, तुम्हीच उचला आणि तुमच्याच खिडकीखाली उन्हात ठेवा. आम्ही जवळसुद्धा फिरकणार नाही. सभेत सगळ्यांसमोर बघू!"

"उन्हात? भट्टीवर ठेवतो, म्हणालीस तर! आणि बादली शाबूत निघाली तर?"

मिन्का एक पाऊल पुढे सरकली. "तर आम्ही चोर. तुमच्या ठरावाला आईही विरोध करणार नाही."

बाहेर पडल्यावर हान्झो कुजबुजला, "आईला विचारलंस?"

"नाही," मिन्का म्हणाली. ती भराभर चालू लागली.

नोआकसाहेबांनी शुक्रवारी स्वतः बादली निवडली, खिडकीखाली ठेवली आणि पोरांनी हात लावू नये म्हणून झाकणावर अंगणातल्या दोन जड फरश्या ठेवल्या. शनिवारी त्याच अंगणात सभा भरली. अध्यक्षा बुडारबाई टेबलामागे बसल्या. बाह्या वर सारून बसलेल्या या बाईंनी साठ वर्षं काकडीचे मळे पिकवले होते आणि त्यांच्यापुढे कुणी उगाच बोलत नसे. सभासद बाकांवर दाटीवाटीनं बसले. मिन्काची आई सगळ्यात मागच्या बाकावर, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

नोआकसाहेबांना बाकावर जागाच उरली नव्हती. त्यांनी ऐटीत फरश्या बाजूला केल्या आणि ते थेट बादलीवर बसले.

"आता बघू कोण उघडतं!" ते म्हणाले. लोक हसले.

"साहेब, बादलीचं पोट सुटलंय," हान्झो पुढच्या रांगेतून म्हणाला.

"तू तुझं बघ!"

खरंच, बादलीच्या सरळ कडा गोल झाल्या होत्या. किटोनं मिन्काचा हात घट्ट धरला. बुडारबाईंनी विषय पुकारला, "मशीन खरेदी आणि होडीची फेरी. बोला, नोआक."

"मंडळी!" नोआकसाहेब बसल्या बसल्या सुरू झाले. "आमच्या फॉइलच्या मशीनसारखं मशीन नाही! काही पोरं म्हणतात बादल्या आपोआप उघडतात. मी या बादलीवर बसलो आहे. उघडली का? नाही! म्हणून मी ठामपणे..."

ठामपणा दाखवायला ते उठून उभे राहिले.

फट्टाक्!

झाकण साहेबांच्या मागच्या बाजूला सणसणीत बसलं आणि तिथून टेबलापर्यंत उडालं. खारं पाणी, शेपू, मुळ्याच्या चकत्या आणि काकड्या त्यांच्या फिक्या सुटावर उसळल्या. एक काकडी कोटाच्या खिशात जाऊन बसली. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खं अंगण हसायला लागलं.

मिन्का मात्र हसली नाही. ती बाकावर चढली.

"बघितलंत? आम्ही हात लावला? कुणी उघडली ही?"

"शांत!" बुडारबाईंनी टेबलावर हात आपटला. त्या हसत नव्हत्या. "नोआक, मशीनची चाचणी घेताना बादलीत काय भरलं होतंस?"

नोआकसाहेब सुटावरचा शेपू झटकत राहिले.

"काय भरलं होतंस?"

"पाणी," ते पुटपुटले.

"कसलं पाणी?"

"नळाचं... स्वच्छ होतं."

"काकडी भरायचं मशीन निवडतोस आणि नळाचं पाणी भरून बघतोस?" बुडारबाईंचा चेहरा लाल झाला. "मशीनवाल्यांनी विचारलं नाही, माल कसला आहे म्हणून?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, काकडी झोपलेली असते..."

"आणि ती उठली, तेव्हा तू पोरांना चोर ठरवलंस!"

मग किटोनं पुढे येऊन दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि फुग्यांची हकिगत सांगितली. खानावळवाले लेमानकाका उठून म्हणाले, "माझ्या त्या दोन्ही बादल्या दुपारी पोचल्या होत्या. तापलेल्याच होत्या. मी मेल्यानं पोरांवरच संशय घेतला." हान्झोनं शिंकणाऱ्या बादलीचा प्रसंग इतका रंगवून सांगितला, की त्यात बादली दोनदा जास्त शिंकली.

फॉइलचं मशीन परत पाठवायचं ठरलं. झडपेतून आतली हवा सोडणाऱ्या झाकणाचं घ्यायचं, पण लगेच नाही. आधी त्यात जिवंत काकडी भरायची, बादल्या होडीत घालून उन्हातून फिरवायच्या, आणि ती चाचणी या तिघांनी घ्यायची. होडीची फेरी वेरोनाकडेच राहिली. त्यावर हात वर झाले, तेव्हा एकही हात खाली नव्हता.

"शाबास, पोरांनो!" बुडारबाई म्हणाल्या. "संघाची अब्रू वाचवलीत. काय बक्षीस हवं?"

"आइस्क्रीम!" हान्झो ओरडला.

"मला नको," मिन्का म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता. "मला शाबासकीही नको. यांनी आईची माफी मागावी. माझी नको, आईची."

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. आई अवघडून उभी राहिली. "जाऊ दे ग, मिन्का..."

"नाही! का जाऊ दे?"

नोआकसाहेब ओल्या बुटांनी पचपच आवाज करत मागच्या बाकापर्यंत गेले. त्यांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं!" मिन्का बाकावरून ओरडली. "चोर म्हणताना ऐकू येत होतं की सगळ्यांना!"

अंगणात कुणीही हसलं नाही. नोआकसाहेबांनी मान वर केली.

"माझी चूक झाली, वेरोनाबाई," ते पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तुमची पोरं खरं बोलत होती. मी ऐकून घेतलं नाही. मला माफ करा."

आईनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. मग ती म्हणाली, "करते." आणि ती पुढे येऊन डाव्या हातानं मिन्काला बाकावरून खाली उतरवू लागली.