नववी हाक

हसायचं तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडतंय. विरारला, बोळिंजमध्ये, सातव्या मजल्यावर.

आणि रात्री नाही. भर दुपारी, बाराच्या ठोक्याला.

सुरुची घरूनच काम करते. काम कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं, कर्नलचं. एखादा प्रोग्राम कोसळला की मरता मरता त्याच्या मेमरीत होतं नव्हतं ते सगळं फाईलमध्ये उतरवायचं. त्याला डंप म्हणतात. मी पंचनामा म्हणतो, ती चिडते.

अडचण अशी होती, की पंचनामा चालू असताना कुणी त्या प्रोग्रामला सिग्नल पाठवला, म्हणजे आपल्या भाषेत हाक मारली, की फाईल अर्ध्यातच तुटायची.

हे काम आधी जितेशकडे होतं. गिरीज गावचा, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. गेल्या महिन्यात घरी एकटा असताना छातीत कळ येऊन गेला. त्या दुपारी त्याने सुरुचीला फोनवर फोन केले होते.

ती मीटिंगमध्ये होती. तिने कापले.

मग त्याचं काम तिच्याकडे आलं.

गेल्या सोमवारी तिने चाचणीसाठी मुद्दाम एक प्रोग्राम पाडला. बारा वाजले आणि फाईल तुटली. प्रत्येक सिग्नलला नंबर असतो; हा नंबर एक.

मशीन तिच्याच टेबलावर. नेटची वायरसुद्धा काढलेली. मग हाक मारली कुणी?

तिने पाठवणाऱ्याचं खातं उघडून पाहिलं...

जितेशचं.

तो गेल्यावर ते खातं तिनेच बंद केलं होतं.

मंगळवारी नंबर दोन. बुधवारी तीन. गुरुवारी चार. वेळ तीच, खातं तेच.

सुरुची मुळात घाबरट नाही. तिने रात्रभर बसून दुरुस्ती लिहिली. मरणाऱ्या प्रोग्रामने कुठलीच हाक ऐकायची नाही. फक्त नऊ नंबर सोडून. नऊ म्हणजे थेट ठार करणारी. ती अडवायची सोय कुठल्याच प्रोग्रामला नसते.

शुक्रवारी बाराला फाईल पूर्ण उतरली. ती खूश झाली, खुर्चीत मागे रेलली.

आणि गॅलरीतली कबुतरं गप्प झाली...

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

पाचवी हाक मशीनला ऐकू आली नाही. सुरुचीला आली.

अगदी मानेमागून, हळू... "सुरुची..."

आवाज त्याचाच. धाप लागलेला.

तिने ओ दिली नाही. मग एकदम पंखा ऐकू यायला लागला.

शनिवारी सहावी. तिने मशीन बंद करून कपाटात ठेवलं. उपयोग शून्य.

रविवारी सुहासिनी मावशी, म्हणजे तिची आई, तिचा हात धरून शेजारी बसली. सातवी हाक मावशीनेही ऐकली. मावशीने मला फोन केला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

मेलेल्याच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मावशीने तिला देवासमोर शपथ घ्यायला लावली. सुरुचीने घेतली.

काल आठवी आली. त्यानंतर सुरुची रडली नाही, घाबरलीही नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. संध्याकाळी मी फोनवर तिला म्हटलं, उद्या नववी येईल, काहीही झालं तरी तोंड उघडू नकोस. कानात बोटं घाल, टीव्ही मोठ्याने लाव, वाट्टेल ते कर.

ती म्हणाली, "दादा, तो मला मारायला नसेल रे बोलवत. त्याला कुणीतरी हवं होतं. एकदा नाही उचलला मी. परत कशी गप्प बसू?"

सकाळपासून मावशीने घराची सगळी दारं लावून घेतलीयेत. मी कामावरून, कामण गावातल्या गोदामातून निघालोय, पण पुढे ट्रक आडवा झालाय आणि रिक्षा जागची हलत नाहीये.

बारा वाजायला वीस मिनिटं आहेत.