पुलावरच्या चॅपेलची ओली भिंत

नेडने भिंतीला जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं.

"नदीचं पाणी नाही हे," तो म्हणाला. "नदीत मी दोनदा पडलोय. चव वेगळी असते."

"अरे, कित्येक शतकांची भिंत आहे ती, आईस्क्रीम नव्हे," टिल्डाने धाकट्या भावाला मागे ओढलं. त्यांचा मित्र झैद मात्र गुडघ्यांवर बसून ओल कुठवर आली आहे ते बघत होता.

उन्हाळ्याची सुट्टी होती, पण टिल्डाचं खेळात लक्ष नव्हतं. हॅरोबीच्या पुलावरचं हे इवलंसं चॅपेल एका लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलं होतं, आपल्या माणसांच्या आत्म्यांसाठी तिथे कायम प्रार्थना व्हावी म्हणून. व्यापाऱ्याचं घर कधीच गेलं. प्रार्थना राहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातल्या गेलेल्या माणसांची नावं तिथे मोठ्याने वाचली जात. त्यात टिल्डाच्या आजीचं, डोरीनचंही नाव असे. आणि आता जुन्या इमारतींचे तपासनीस लोमससाहेब यांनी सांगितलं होतं, नदीचं पाणी भिंतीत चढतंय, या रविवारनंतर चॅपेल बंद.

"नावं मोठ्या चर्चमध्ये वाचतील की," नेड म्हणाला होता.

"तिथे लाउडस्पीकर आहे," आजोबा म्हणाले होते. "इथे डोरीनचं नाव घेतलं की चारही भिंती ऐकतात." एवढं बोलून ते बागेत निघून गेले होते.

"एक सांग," टिल्डा झैदला म्हणाली. "गेल्या आठवड्यात पावसाने झोडपलं, नदी फुगली, तेव्हा भिंत जवळजवळ सुकली होती. आता ऊन पडलंय, नदीतले दगड उघडे पडलेत आणि भिंत झिरपतेय. हे उलटं नाही का?"

लोमससाहेब बाहेर फोनमध्ये डोकं घालून उभे होते. तिने दाराबाहेर येऊन त्यांनाही तेच विचारलं.

"जुन्या भिंती लहरी असतात, बाळ," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"लहरी तर आमचे गणिताचे सरही आहेत," झैद पुटपुटला. "पण ते गळत नाहीत."

एवढ्यात वरून पाण्याचे शिंतोडे उडाले. ॲक्रॉइडबाई शिडीवर चढून, दारावरच्या दगडी कट्ट्यावर यंदा ठेवलेल्या लांबलचक फुलांच्या पेटीत पाइप सोडून बसल्या होत्या. गावांच्या फुलस्पर्धेचे परीक्षक लवकरच यायचे होते.

"पावसात सगळी फुलं माना टाकून बसली होती," बाई वरूनच म्हणाल्या. "म्हणून आता दुप्पट पाणी."

टिल्डाने वर पाहिलं. छपराचा दगड पेटीवर पुढे आला होता. पावसाचा थेंब तिथे पोचणारच नव्हता, आणि पाऊस असला की बाई पाइप काढत नव्हत्या. ओल्या भिंतीच्या नेमकी वर ती पेटी होती.

"बाई, तुमचंच पाणी आत उतरतंय."

"माझं?" बाईंनी भुवया चढवल्या. "गेल्या वर्षी गावाला रौप्यपदक कोणामुळे मिळालं? पेटीला कोणी हात लावायचा नाही."

मुलं नदीकाठी जाऊन बसली.

"पेटीच्या पाण्यात जांभळं सरबत ओतू," नेड म्हणाला. "जांभळे थेंब आले की झालं."

"डाग पडेल. मग आपल्यालाच बंद करतील," टिल्डा म्हणाली.

झैद एकदम उठला. "डाग न पडणारं काहीतरी आहे. अब्बूंच्या मिठाईच्या दुकानात."

महिन्याच्या त्या पहिल्या रविवारी सकाळी टिल्डा गोड आवाजात म्हणाली, "बाई, ऊन फार आहे. आज पाइप आम्ही धरतो." बाई खूश झाल्या. नेडने शिडी धरली, झैदने पेपरमिंटच्या अर्काची बाटली पेटीत रिकामी केली, आणि टिल्डाने पाणी सोडलं.

धर्मगुरू बाईंनी प्रार्थना सुरू केली आणि नावं वाचायला घेतली. आजोबा नेहमीच्या बाकावर ताठ बसले होते. लोमससाहेब बंदची पाटी काखेत मारून दाराशी उभे होते. थोड्या वेळाने लोक नाकं वर करू लागले.

"प्रार्थनेत पेपरमिंटच्या गोळ्या कोण खातंय?" ॲक्रॉइडबाई कुजबुजल्या.

"ती भिंत," नेडने बोट दाखवलं.

लोमससाहेबांनी भिंतीला नाक लावलं. बराच वेळ लावलं.

"साहेब," टिल्डाने हळूच विचारलं, "आपल्या नदीत पेपरमिंट वाहतं का?"

सगळं चॅपेल हसलं. साहेब कानापर्यंत लाल झाले, पण गडी सरळ होता. तिथल्या तिथे शिडीवर चढून त्यांनी पेटी सरकवली. मागे दगडांच्या सांध्यात हात जाईल एवढी फट होती.

"मी फक्त खाली पाहिलं," ते उतरून म्हणाले. "फट बुजवली की भिंत सुकेल. बंद करायचं कारण नाही. मुलांनो, माझं काम तुम्ही केलंत."

ॲक्रॉइडबाई पेटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर नसताना पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. "पुलाच्या कठड्यावर हलवा ती. आणि तुम्ही तिघं, उद्यापासून पाणी घालायला या. पोरं हुशार आहेत, वाया जायला नकोत."

धर्मगुरू बाईंनी मुलांचे आभार मानले आणि राहिलेली नावं पुढे वाचायला घेतली. "डोरीन," त्या म्हणाल्या, आणि ते नाव दगडांवरून फिरून परत आलं.

आजोबांनी टिल्डाचा हात घट्ट धरला.

"तिला पेपरमिंटचा वास अजिबात सोसायचा नाही," ते हळूच म्हणाले. डोळे ओले होते आणि ते हसत होते. "पण आज तिने तुला काही म्हटलं नसतं."