भिंतीचा सांधा

मागच्या खोलीची भिंत पावसात बसली, आणि तिच्याबरोबर अण्णांच्या हाताची खूणही गेली, हे तिला सकाळी मागचं दार उघडताच कळलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. शहराच्या कडेच्या टेकडीवर त्यांनी मातीच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. ज्यांना सुट्टीत लांब जाणं जमत नाही त्यांनी इथे येऊन राहावं, पायी नाहीतर सायकलवर यावं, आंघोळीचं पाणी भाजीच्या वाफ्यात जावं, आणि पाहुणा गेल्यावर जागेला त्याचा काही त्रास उरू नये, असं त्यांचं साधं म्हणणं. ते गेल्यावर ती आणि आत्या मिळून खोल्या सांभाळत होत्या. आतल्या बाजूला या भिंतीवर, लिंपताना, अण्णांची बोटं उमटलेली होती. जाता-येता ती त्यांवरून हात फिरवी.

ढिगाऱ्यातून तिनं एक ढेकूळ उचललं, तर त्याच्या बाहेरच्या अंगाची कातडी सायीसारखी सुटून हातात आली. रंगाचा पोपडा! मातीच्या भिंतीला कुणी असला रंग लावतं? मातीला वारा लागतो. तिचं तोंड बंद केलं की ओल आतच मुरते आणि भिंत फुगून बसते. पण रंग मातीशी इतका बेमालूम जुळवलेला, की तिच्याही लक्षात आला नव्हता.

असा रंग जुळवणारा तिच्या ओळखीचा एकच माणूस होता.

तो रंगारी उन्हाळ्यात आला होता. बायको गेल्यापासून सुट्टीच्या दिवशीही ब्रश खाली ठेवत नाही, म्हणून त्याच्या ताईनं त्याला बळंच इथे धाडलं होतं. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावरून खाली बोट दाखवत तो म्हणाला,

"ते माझं घर. दोरीवरचा निळा सदरा... तो माझा."

"मग ही सुट्टी कसली?"

"सदरा वाळला की इथूनच कळेल. सोय झाली."

ती हसली होती. बऱ्याच दिवसांनी.

पण माणसाच्या पायाला भिंगरी. बसला की उठायचा. फाटकाची कडी नीट केली, बिजागरीला तेल घातलं, कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं केलं. नंतरही काही ना काही निमित्त काढून येत राहिला, आणि चहा निवायच्या आत सायकलवर टांग मारून पसार. आत्या म्हणायची, चहात काहीतरी खोट असणार तुझ्या. ती हसण्यावारी न्यायची. फक्त फाटक वाजलं की तिचा जीव उगाच वरखाली व्हायचा.

आजही फाटक वाजलं. तिनं तो पोपडा रंगाऱ्याच्या तळहातावर ठेवला.

आपला रंग ओळखायला त्याला वेळ लागला नाही. ती बाजारात गेली असताना भिंतीच्या पायथ्याला ओल दिसली, जवळ पाणी अडवणारा रंग होता, तो बाहेरून मारला, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं.

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारायचं असतं."

मग तिनं त्या भिंतीवर कुणाची बोटं होती ते सांगितलं. तो ढिगाऱ्याशेजारीच बसला. पुन्हा येणार नाही, असं काहीतरी पुटपुटला.

"पळणं तुम्हाला छान जमतं," ती म्हणाली. "चपला काढा. माती तुडवायला पाय हवेत."

ढिगाऱ्यातले रंगाचे पोपडे त्यानं एकेक करून वेचून काढले. तीच माती भिजवली, भुसा मिसळला, आणि दोघं समोरासमोर तुडवायला लागले. तिचा पाय घसरला तेव्हा त्यानं कोपराला धरलं... आणि तोल सावरल्यावरही सोडलं नाही. ओट्यावरून आत्या खाकरली, तेव्हा सुटलं.

भिंत थोडी चढली की थांबावं लागायचं. खालचं वाळल्याशिवाय वरचं धरत नाही. दर वेळी तो विचारायचा, आता काय करू?

"काही नाही. बसा."

"तेच जमत नाही मला." मग तो म्हणाला, "घरी बसलो की शेजारची खुर्ची दिसते."

तिनं चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "इथे खुर्च्याच नाहीत."

तो ओट्यावर टेकला. पाय हलत होता, मग थांबला. चहा त्यानं तळापर्यंत प्यायला. खाली शहरात दिवे लागले तरी तो उठला नाही.

असेच कितीतरी दिवस गेले. भिंत खिडकीच्या वर पोचली. तिथे कोपऱ्याला धरून जुन्या भिंतीचा एक तुकडा तगून राहिला होता, त्यावर अण्णांची बोटं शाबूत. नव्या मातीचा त्याच्याशी सांधा जुळवायचा होता. तो हात पुसून मागे सरला.

"इथे मी हात लावणार नाही. तुम्हीच करा."

"एकटीनं नाही करणार."

"मग..."

"दोघांनी करू. पण आधी तुझ्या ताईंना आपल्याबद्दल सांगून ये. पाहुणा म्हणून आता खोली मिळायची नाही तुला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर माती होती, ती पुसायला हात उचलला, आणि त्याच्या हातालाही मातीच होती.

"अजूनच माखवशील," ती म्हणाली, पण मागे सरली नाही.

त्यानं ताईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे. खिडकीवरचा सांधा तोवर तसाच राहिला आहे.