हर्णैची छत्री

माझी छत्री माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती.

बलदमध्ये, म्हणजे जुन्या जेद्दात, एका छोट्या कॉफीच्या दुकानात मी एकटीच बसले होते. दाराशी टेकवून ठेवलेली माझी काळी, लांब दांड्याची छत्री दुकानातून बाहेर पडणाऱ्या एका उंच माणसाने उचलली, ऐटीत उघडली आणि तो गल्लीत शिरलासुद्धा. मी कप तसाच टाकून त्याच्या मागे धावले आणि हिंदीतून हाका मारू लागले.

तो थांबला. छत्री मिटून त्याने कापडावरची पांढरी अक्षरं वाचली – नबीला, हर्णै. आमच्याकडे छत्री दुरुस्त करणारा प्रत्येक छत्रीवर असं नाव रंगवून देतो. तीन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी रियाधला निघाले आणि अम्मीने ही छत्री माझ्या बॅगेत कोंबली, तेव्हा रियाधच्या वाळवंटात मी हिचं काय करू म्हणून मी हसले होते.

"हर्णैच्या काय तुम्ही?" त्याने चक्क मराठीत विचारलं. "मी तौकीर. बाणकोटचा."

"म्हणून हर्णैची छत्री न्यायची?"

तो इतका ओशाळला की मला हसू आवरेना. जेद्दाच्या उत्तरेला राबिघ आहे, तिथल्या रिफायनरीत तो सेफ्टी ऑफिसर होता. तिथल्या उन्हासाठी त्याच्याकडे अगदी अशीच छत्री होती, आणि ती आज खोलीवरच राहिली आहे, हे तो विसरला होता. साऱ्या जेद्दात छत्री घेऊन फिरणारं दुसरं कुणी असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. दारात काळी छत्री दिसली, की ती आपलीच!

तो पासपोर्टच्या कामाला आला होता, पण पावसामुळे ऑफिस बंद होतं, आणि ज्यासाठी मी रियाधहून आले होते, ते माझ्या बँकेचं ट्रेनिंगही त्याच पावसाने रद्द केलं होतं. सकाळपासून मी मनसोक्त भटकत होते. भिजलेल्या दगडांचा वास, मसाल्याच्या दुकानांतून येणारी वेलचीची झुळूक, वर लाकडी जाळीचे झरोके... मी खुशीत होते. फक्त एक गोष्ट टोचत होती. दुबईच्या एका स्थळाला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मुलगा चांगला होता. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला मन होत नव्हतं.

एकाच छत्रीतून आम्ही निघालो. मी मान वर करून झरोके बघत होते. तो मात्र खाली बघत होता, आणि मधूनमधून हळूच म्हणत होता, "डबकं." मी वरची नजर न काढता बाजूला होत होते. कितीतरी गल्ल्या आम्ही अशा पार केल्या, आणि माझे बूट कोरडेच राहिले. इतकं निर्धास्त मी परमुलखात कधी चालले नव्हते.

नासिफ घर नावाच्या जुन्या वाड्यासमोरच्या कडुनिंबाखाली थांबलो, तेव्हा मी त्याला दुबईचं सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

आम्ही पुढे निघालो. मी वर बघत होते... आणि माझा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"माझं लक्ष नव्हतं." त्याचे कान लाल झाले होते. "दुबईत अडकलं होतं."

पाय गारठला होता, पण मला आतून फार बरं वाटलं. दिवसभर माझ्या पायांखालचं पाणी बघणारा हा माणूस माझ्यामुळेच बावरला होता.

माझ्या विमानाची वेळ झाली. टॅक्सी आली. मी बसले, पण छत्री त्याच्याच हातात होती. मी हात पुढे केला, तर त्याने ती दिली नाही.

"मघाशी चुकून नेली होती," तो म्हणाला. "आता... चुकून नाही. परत द्यायला रियाधला येईन. तुम्ही नको म्हणालात, तर आत्ता घ्या."

मी त्याच्याकडे बघितलं. हात मागे घेतला, आणि माझा फोन नंबर सांगितला.

विमानतळावर पोचताच अम्मीचा फोन आला. जेद्दात पाऊस आहे म्हणे, छत्री होती ना, हा तिचा पहिला प्रश्न. होती, म्हटलं, आणि तिचे मनापासून आभार मानले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मग हेही सांगितलं, की ती मी देऊन टाकली.

"कुणाला गो?"

"बाणकोटच्या एका माणसाला."

अम्मी सावकाश म्हणाली, "कुठल्या घरातला?"

"ते विचारायचं राहिलं. रियाधला येणार आहे छत्री द्यायला, तेव्हा विचारते."

"आणि दुबईवाल्यांना मी काय सांगू?"

"नाही म्हणून सांग, अम्मी."

ती हसली असावी. "बरं," म्हणाली. "पण नीट बघून घे हो. आपली छत्री चांगली आहे."