संकष्टीची पुडी

पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षीची गोष्ट. चिंचवडच्या नदीकडच्या चढावर सुमनच्या सायकलची साखळी निसटली आणि नेमकी भुरभुर सुरू झाली. दवाखान्यात नर्स म्हणून ती नुकतीच लागलेली. पांढरीशुभ्र साडी, नवीकोरी ऐट... काळ्या वंगणात हात घालणार कोण?

"सरका बाई, मी बघतो," म्हणत एक उंच तरुण पुढे झाला. साखळी बसवून तो हसला – पण तोंड पार पलीकडे फिरवून. असं हसणारा माणूस सुमननं कधी पाहिला नव्हता.

"ज्योतीराम गवंडी कुठं राहतात हो? क्षयाचे पेशंट. औषध चुकवतात म्हणून डॉक्टरांनी मला पाठवलंय."

"ठाव हाय की." त्यानं उपरणं तोंडाशी धरलं. "लई आडमुठा माणूस. चला, दावतो."

घराशी पोचताच त्याची आत्या सारजाबाई आतून म्हणाली, "आलास व्हय रं, ज्योतीराम?" आणि सुमनचे कान तापले.

तेव्हापासून मंगळवारी न् शनिवारी ती येऊ लागली. ओसरीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. जेवण झालं की तिच्यासमोर तो औषधाची पुडी ताकात कालवून गिळायचा. बाकीच्या दिवसांच्या पुड्या ती ठेवून जायची. आजाराच्या पहिल्या खेपेला जरा बरं वाटताच त्यानं सुया सोडल्या होत्या. त्या सुया आता त्याला लागूच पडत नव्हत्या. उरल्या होत्या या पुड्या. त्यांनाही जंतू सरावले, तर... त्या 'तर'च्या पुढे सुमन जात नसे.

"कडू आहे?" ती विचारायची.

"तुमी समोर असला की कमी लागती."

"औषधाचं बोला."

"औषधाचंच बोलतोय की."

मग एका संकष्टीला, तिचा वार नसताना, ती सहज डोकावली. देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे पुड्यांची चळत होती. न उघडलेल्या.

"आज उपास हाय त्याचा," सारजाबाई म्हणाली. "सोमवार धरतो, गुरुवार धरतो. उपाशीपोटी पुडी टिकत न्हाई, मग ठिवतो तशीच."

सुमन ओसरीवर आली. "ज्योतीराम, या पुड्याही चालेनाशा झाल्या तर माझ्याजवळ दुसरं काही नाही. कळतंय? काही नाही."

तो खाली बघत राहिला. "मागणंच मोठं हाय, बाई. भरल्या पोटी कसं मागू?"

"बरं होण्याचंच ना?"

"त्ये तर तुमी बघताय..." तो अंगणातल्या सायकलीकडे पाहत म्हणाला. "मी मागतो, ते हिच्यावर बसून येतं."

पागोळ्या टपटपत राहिल्या. सुमननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सारजाबाई," ती आत वळून म्हणाली, "यांना भाकरी वाढा. उपास आजपासून मी धरते. सगळे."

"अन् मागणं?" त्यानं हळूच विचारलं.

"मागणं... तेच राहू दे."

ज्योतीराम हसला – आजही तोंड फिरवून. पण पुडी त्यानं स्वतःच देव्हाऱ्यातून काढून आणली.

"पुरते बरे झालात ना," सुमन म्हणाली, "की एकदा समोर बघून हसा. तोवर थांबते मी."