ओकवरची उंच खूण

"अगं हळू! अर्धा रस माझ्या बुटात गेला!" धाकटा आर्ची बहिणीवर, ग्रिझेलवर ओरडला.

"मग बुटातच उकळ! साखर आयती पायाला लागेल!" शेजारचा जोस्ट खिदळला.

साखरेचे दिवस होते. मेपलच्या झाडांना गोड रसाचा पाझर फुटला, की डोंगरापलीकडच्या त्या खोऱ्यातली शाळा आपोआप बंद व्हायची; साखरेसाठी उकळायला मास्तरांनाही रस गोळा करायचा असे. ग्रिझेल वर्षभर या सुट्टीची वाट बघायची. कढईखालचा धूर, बर्फावर ओतलेल्या गरम पाकाचे चिवट तुकडे आणि बाबांचं बेसूर गाणं! यंदा धूर होता, पाकही होता. पण बाबा पानगळीत तापानं गेले, आणि तेव्हापासून आई कढई ढवळायची ती मुकाट्यानंच.

त्यात आज सकाळी जमीन कंपनीचे टटसाहेब येऊन थडकले. घराजवळच्या झऱ्यावरच्या ओकच्या झाडाची साल पार उंचावर, हात पोचणार नाही अशा जागी तासलेली होती आणि उघड्या लाकडावर कंपनीचं अक्षर कोरलेलं होतं.

"तुम्ही इथं घर बांधलंत त्याच्या आधीची आहे ही खूण," साहेब म्हणाले. "झऱ्यावर ज्याची खूण आधी, त्याची जमीन. तुमचाच रिवाज ना?"

रिवाज खराच होता. दुपारी मोजणीदार डगल्डकाका येऊन निकाल देणार होते. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, तर घर, मेपलची राई आणि राईतली बाबांची कबर, सगळं मागं टाकून जावं लागणार होतं.

"रोज पाणी आणतो आपण तिथून. ती खूण कशी दिसली नाही?" ग्रिझेल बादली ठेवत म्हणाली. "आणि एवढी उंच कशी?"

"साहेब म्हणाले ना, झाड वाढलं तशी खूणही वर गेली," आर्ची म्हणाला.

"राजा म्हणतो जमीन माझी, कंपनी म्हणते माझी," जोस्ट म्हणाला. "इथले मूळचे लेनापे लोक हसत असतील दोघांनाही."

"आपल्यालाही," ग्रिझेल म्हणाली. ती जुन्या मेपलला टेकली, आणि तिचा हात एका खाचेवर पडला.

इथं राहायला आल्यावर पहिल्याच साखरेच्या दिवसांत बाबांनी तिला या झाडाशी उभं करून, डोक्यावर कुऱ्हाडीचं पातं आडवं धरून ती खाच पाडली होती. "हलू नकोस गं, नाहीतर बुटकी राहशील!" असं म्हणाले होते. खाचेच्या कडांवरून साल आता आत वळली होती, ओठ मिटावेत तशी. आणि खाच ग्रिझेलच्या कमरेशी होती.

"जोस्ट! ही खाच वर का नाही गेली?"

"वेडी की काय! झाड शेंड्याला वाढतं. बुंधा नुसता जाड होतो."

"मग ओकवरची कशी वर गेली?"

तिघंही धावत ओकखाली गेले आणि वर बघू लागले.

"शिडी?" जोस्टनं विचारलं.

"जंगलात शिडी कोण घेऊन फिरतो!" आर्ची म्हणाला. "एवढ्या उंच तर मी यंदाच्या मोठ्या बर्फातच गेलो होतो. आठवतं? जोस्टकडे निघालो तेव्हा झऱ्याची घळ बर्फानं काठोकाठ भरली होती!"

ग्रिझेलनं त्याचे कान धरून कपाळाची पापी घेतली. "ई!" आर्ची किंचाळला.

त्या मोठ्या बर्फात ते सगळे जोस्टच्या घरी राहायला गेले होते. इथं घर रिकामं होतं!

दुपारी डगल्डकाका ओकखाली उभे राहिले. आई हात शालीआड घेऊन बाजूला उभी होती. ग्रिझेल अगदी गरीब चेहऱ्यानं पुढं झाली.

"साहेब, तुमच्या माणसाला इथवर यायला फार त्रास झाला असेल ना? बर्फ वगैरे..."

"छे! भर उन्हाळा होता," टटसाहेब ऐटीत म्हणाले. "इथं गवतावर उभं राहूनच कोरलं त्यानं."

"मग तो ताडमाड असणार!" जोस्ट म्हणाला.

"झाड वाढतं, मुला. खूण वर जाते."

"काका, आमच्या मेपलपाशी चला ना!" ग्रिझेल म्हणाली.

डगल्डकाकांनी खाच पाहिली, ग्रिझेलकडे पाहिलं आणि गालात हसले. परत येऊन त्यांनी जोस्टच्या घरून शिडी मागवली, वर चढले आणि खुणेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"साल कुठंच वळलेली नाही. कड अजून धारदार आहे. ही या हिवाळ्यातली खूण आहे, टटसाहेब! बर्फावर उभं राहून कोरलीत आणि बर्फ वितळतो हेच विसरलात?"

साहेबांनी टोपी घातली, घोडा सोडला आणि निरोप न घेताच वाट धरली.

"शाब्बास रे पोरांनो!" काका खाली उतरले. "आम्ही मोठी माणसं नुसत्या माना डोलावत होतो!" मग त्यांनी नकाशा पसरला. "बाई, जमीन तुमची. नकाशावर तिला नाव लागतं. घरधनी काय म्हणायचे या जागेला?"

आईनं राईकडे मान वळवली.

"काहीच नाही," ती म्हणाली. "रोज रात्री मी विचारायची, आणि रोज म्हणायचे, 'उद्या ठरवू.'" आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी, डोळे भरलेले असताना.

डगल्डकाकांनी टाक शाईत बुडवला आणि झऱ्याशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं: 'उद्या'.